खांबाआडची सहा माणसं: एव्हर्टनच्या स्थलांतराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लिव्हरपूल शहरात फुटबॉलची दोन घराणी. लाल म्हणजे लिव्हरपूल, निळं म्हणजे एव्हर्टन. आपल्याकडे पहिलं सगळ्यांना ठाऊक असतं, दुसऱ्याचं नाव काढलं की लोक "हो हो" म्हणून विषय बदलतात. हे प्रकरण निळ्यांचं आहे. १८९२ पासून एव्हर्टन गुडिसन पार्कवर खेळायचं. २०२५ मध्ये क्लबच्या पुरुष संघानं ते मैदान सोडलं आणि मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीत बांधलेल्या नव्या स्टेडियमवर बिऱ्हाड हलवलं. अंतर फार नाही, दोनेक मैल.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनं लिव्हरपूलच्या एका रुग्णालयात. तिथल्या एका नर्सनं २०१२ मध्ये मला तिच्या घरच्यांशेजारची रिकामी झालेली खुर्ची मिळवून दिली. गोलपोस्टमागचा ग्लॅडिस स्ट्रीटचा स्टँड, खांबाच्या मागे. पुढे आम्ही सहा जण एका ओळीत झालो. या सहा जणांनी स्थलांतराचा प्रश्न कसा सोडवला, आणि कुठे तो सोडवल्यासारखा नुसता वाटला, ते इथे मांडतोय. नावं बदललेली नाहीत, घेतलेलीच नाहीत. घरी बायकोला सांगताना मी त्यांना जे म्हणतो तेच इथेही म्हणतो: सुतारकाका (वय चौऱ्याहत्तर, निवृत्त), त्यांची मुलगी सिस्टर, तिचा चौदा वर्षांचा धाकटा, मास्तर (शाळेतून निवृत्त, इतिहास शिकवायचे), बसवाला ड्रायव्हर आणि मी.

गुडिसन कसलं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चारी बाजूंनी घरं. बैठ्या विटांच्या गल्ल्या, आणि त्यांच्या शेवटी अचानक उभी राहिलेली स्टँडची भिंत. एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च, इतकं चिकटून की पूर्वी लोक त्याच्या छपरावर चढून सामना बघत. लाकडी खुर्च्या. आर्चिबाल्ड लीचनं आखलेल्या बुलन्स रोड स्टँडच्या कठड्यावर लोखंडी फुल्यांची नक्षी. १९६६ च्या विश्वचषकाचा एक उपांत्य सामना इथे झाला. एका हंगामात साठ लीग गोल करणारा डिक्सी डीन म्हातारपणी १९८० मध्ये इथेच लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघायला आला आणि इथेच गेला. संघ मैदानात उतरताना एका जुन्या पोलीस मालिकेची धून वाजायची. ती सुरू झाली की सुतारकाका बोलणं अर्ध्यावर सोडून उभे राहायचे.

आणि खांब. हजारो जागांवरून मैदानाचा काही ना काही भाग दिसायचाच नाही. आमच्या ओळीला उजवा कॉर्नर दिसत नसे. तिकडून चेंडू येणार असला की सहाच्या सहा डोकी एकदम डावीकडे कलायची. धाकट्यानं हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे सामना असाच बघतात अशी त्याची समजूत होती. घरी टीव्हीसमोरही तो कलायचा.

अडचण

वरवर बघता अडचण साधी होती. जुन्या मैदानावर सहा जागा शेजारी-शेजारी होत्या, नव्या ठिकाणी त्या तशाच कशा मिळवायच्या?

पण खाली तीन गुंते होते, आणि एकाबद्दलही आम्ही मोकळेपणानं बोललो नव्हतो.

पहिला, काकांचे गुडघे. नव्या स्टेडियमचा दक्षिण स्टँड म्हणजे ग्लॅडिस स्ट्रीटचा वारसदार. एकसंध, भिंतीसारखा चढा, सुमारे तेरा हजार माणसांचा, आणि त्यात उभं राहून बघण्याची सोय. धाकट्याला तिथेच जायचं होतं. काकांना तिथे चढणं अवघड आणि नव्वद मिनिटं उभं राहणं अशक्य.

दुसरा, मास्तर. ते जायलाच तयार नव्हते.

तिसरा गुंता काकांच्या वडिलांचा. १९९८ मध्ये ते वारले आणि त्यांची रक्षा गुडिसनच्या मैदानाच्या कडेला, ग्लॅडिस स्ट्रीटकडच्या कोपऱ्यात पुरली. हे एकट्या त्यांचंच नाही. आठशेहून जास्त चाहत्यांची रक्षा त्या मैदानाच्या कडेनं आहे. २००४ पासून क्लबनं नवी विनंती घेणं थांबवलं, कारण जागाच उरली नव्हती. आपल्याकडे अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात, म्हणजे परत भेटायला जायची सोयच ठेवत नाहीत. काका मात्र दर पंधरवड्याला वडिलांपासून वीस पावलांवर बसत होते. त्यांना पहिल्यांदा हे सांगताना ऐकलं तेव्हा मी गप्प राहिलो. काय बोलावं ते सुचेना.

मागचे प्रयत्न आणि एक जुनी जखम

स्थलांतराची चर्चा ही काही २०१७ च्या गोदीच्या योजनेपासूनची गोष्ट नव्हे. एव्हर्टन पंचवीसेक वर्षं घर शोधत होतं. आधी किंग्ज डॉक, मोक्याची नदीकाठची जागा. क्लबला आपल्या वाट्याचे पैसे उभे करता आले नाहीत आणि २००३ मध्ये ते बारगळलं. मग कर्कबी. टेस्को या दुकानसाखळीच्या जोडीनं, शहराच्या हद्दीबाहेर. २००७ मध्ये क्लबनं चाहत्यांचं मतदान घेतलं. साधारण ५९ टक्के बाजूनं पडले. पण २००९ च्या अखेरीस सरकारनंच परवानगी नाकारली, कारण त्यातल्या बाजार संकुलानं आसपासच्या गावांच्या बाजारपेठांना मार बसला असता. त्यानंतर वॉल्टन हॉल पार्कची योजना आली, तीही २०१६ मध्ये सोडून दिली.

कर्कबीच्या मतदानानं आमच्या ओळीत जे केलं ते मी आल्यावर ऐकलं. मास्तर विरोधात होते, पत्रकं वाटत फिरले. एव्हर्टन शहराबाहेर गेलं तर लिव्हरपूल शहर लाल्यांच्या खिशात जाईल, हा त्यांचा मुद्दा. ड्रायव्हर कर्कबीचाच. त्याची आख्खी गल्ली निळी. "आमचं गाव म्हणजे काय परदेश आहे का?" असं त्यानं एकदाच विचारलं. मग दोघं पूर्ण हंगाम एका ओळीत बसून एकमेकांशी बोलले नाहीत. गोल झाला की दोघं सिस्टरला मिठी मारायचे. ती मधे बसायची.

माझ्या मते त्या मतदानाची खोट निकालात नव्हती, प्रश्नात होती. एकच योजना समोर ठेवून हो की नाही विचारलं की माणसं जागेबद्दल मत देत नाहीत, एकमेकांबद्दल देतात. चाळीच्या पुनर्विकासाच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मास्तरांचं स्थलांतराबद्दलचं मत मात्र गंमतीचं होतं. इतिहासाचे मास्तर असल्यानं ते स्वतःच्याच बाजूला सुरुंग लावायचे. ॲनफिल्ड, जे आज लिव्हरपूलचं देऊळ समजलं जातं, ते आधी एव्हर्टनचं मैदान होतं. १८८४ पासून तिथे खेळून १८९१ मध्ये एव्हर्टननं तिथूनच लीग जिंकली. मग जागामालक जॉन हाउल्डिंग यांच्याशी भाड्यावरून बिनसलं आणि क्लबनं गाशा गुंडाळून स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन गाठलं. हाउल्डिंगकडे रिकामं मैदान उरलं, म्हणून त्यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. "आम्ही एकदाच घर सोडलं," मास्तर म्हणायचे, "आणि मागे भुताला जागा करून दिली."

समोरचे पर्याय

गोदीची योजना २०१७ मध्ये पुढे आली, २०२१ मध्ये परवानगी मिळून काम सुरू झालं. त्याच वर्षी युनेस्कोनं लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा काढून घेतला. नदीकाठच्या बांधकामांच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. १८४८ च्या गोदीत समुद्रातली वाळू भरून त्यावर बांधकाम झालं. जुन्या दगडी भिंती खाली तशाच राखल्या आहेत. सुतारकाकांना ही गोष्ट आवडली. लाकूड फेकून न देता त्यावर नवा थर चढवण्यासारखं आहे, असं म्हणाले. त्यांच्याकडून आलेला तो पहिला बरा शब्द.

जागा निवडायची वेळ आली तेव्हा आम्ही एका पबमध्ये बसलो. सिस्टरनं लॅपटॉप उघडला, पडद्यावर स्टेडियमचं रंगीत चित्र. पर्याय तीन निघाले.

सगळ्यांनी दक्षिण स्टँडमध्ये जायचं, शक्य तितक्या खालच्या रांगेत. ओळ टिकते, पण पुढचे उभे राहिले की काकांना काहीच दिसणार नाही. खांबाऐवजी माणसं आडवी येणार, एवढाच फरक. किंवा सगळ्यांनी बाजूच्या स्टँडमध्ये खाली बसायचं. काकांची सोय, पण महाग, आणि धाकट्याचं तोंड एवढंसं. नाहीतर दोन तुकडे करायचे. धाकटा आणि ड्रायव्हर दक्षिणेला, काका, सिस्टर आणि मी बाजूला.

मास्तर हिशेबात कुठेच नव्हते. त्यांनी बियरचा ग्लास सरकवून टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या चकतीमागे दोन रकाने आखले. एकावर लिहिलं "मैदानाचं", दुसऱ्यावर "आपलं". म्हणाले, जे सोडवत नाही ते कुठल्या रकान्यात जातं ते आधी बघा, मग खुर्च्या मोजा.

पहिला रकाना पटापट भरला: खांब, लाकडी खुर्च्या, फुल्यांची नक्षी, चर्च. स्वच्छतागृहांचं नाव कुणी घेतलं नाही. त्यांच्यासाठी कोणीही रडणार नव्हतं. दुसऱ्यात ड्रायव्हरनं लिहिलं, "आमची मारामारी." सिस्टरनं लिहिलं, "बाबांच्या शेजारी बसणं." काकांनी पेन घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि वडिलांचं नाव दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहिलं.

त्या चकतीवरचा विचार तिथेच थांबला, हे आज खटकतं. बाराला पब बंद होत होता, चित्रातल्या जागा समोर होत्या, आणि आम्ही तिसरा पर्याय घेतला. दोन तुकडे.

भीतीही होती, हे मान्य करायला हवं. लंडनचा वेस्ट हॅम क्लब २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमवर गेला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तिथे प्रेक्षक मैदानापासून लांब पडले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये बर्नलीविरुद्ध चिडलेले लोक मैदानात घुसले. आपलंही तसंच होणार, असं ड्रायव्हर दर आठवड्याला म्हणायचा. खरं तर तुलना चुकीची होती. गोदीवरचं स्टेडियम फुटबॉलसाठीच आखलेलं, आराखड्याआधी लोकांना दोन फेऱ्यांत विचारलेलं, गोलामागचा स्टँड मैदानाला भिडलेला. पण भीतीला आराखडा दाखवून उपयोग नसतो.

काय केलं

वडिलांच्या रक्षेचं काय, हा प्रश्न सगळ्यात उशिरा घेतला. त्या वेळी गुडिसन पाडून तिथे घरं आणि लोकोपयोगी इमारती उभारायची योजना होती. काकांपुढे टॉमी लॉटनचं उदाहरण होतं. एव्हर्टनचा तो जुना गोलंदाज (गोल मारणारा या अर्थी, शब्द आपल्या क्रिकेटवाल्यांनी पळवलाय) १९९६ मध्ये वारला. आपली रक्षा गुडिसनला विखुरावी अशी त्याची इच्छा होती. पण क्लब गुडिसन सोडण्याच्या बेतात आहे म्हणून त्याच्या मुलानं ती राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाला दिली. म्हणजे कुणीतरी हा विचार केला होता. काकांनी मात्र लॉटन गेल्यावर दोन वर्षांनी वडिलांना गुडिसनमध्ये ठेवलं. "मला वाटलं मैदान माझ्यानंतरही राहील," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

क्लबला पत्र लिहायचं, रक्षेची माती काढून घ्यायची, की तशीच सोडायची? सिस्टर म्हणाली पत्र लिहू. मास्तर म्हणाले मातीला हात लावू नका. काका म्हणाले, थांबू. थांबलो.

नव्या स्टेडियमबाहेर 'एव्हर्टन वे' नावाच्या फरसबंदीत चाहत्यांची नावं कोरलेले दगड बसवलेत. तिथे काकांच्या वडिलांच्या नावाचा एक दगड घेतला. पैसे सहा जणांनी वाटून दिले. मास्तरांनीही.

१७ फेब्रुवारी २०२५ ला नव्या स्टेडियमवर पहिला चाचणी सामना झाला. अठरा वर्षांखालची मुलं, विगनविरुद्ध, दहा हजार प्रेक्षक. त्या मैदानावरचा पहिला गोल पाहुण्यांच्या पोरानं मारला. मास्तरांनी हे ऐकून दोन दिवस आनंद साजरा केला. धाकटा आणि ड्रायव्हर गेले होते. काकांना चल म्हटलं, तर थंडीचं कारण सांगितलं.

१८ मे ला गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना होता, साउदॅम्प्टनविरुद्ध. एव्हर्टन २-० नं जिंकलं, दोन्ही गोल इलिमान एन्जायचे. पण आमच्या ओळीला आठवतं ते सामन्याआधीचं. काका लवकर येऊन बसले होते आणि खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून स्वतःच्या खुर्चीचा सैल झालेला स्क्रू आवळत होते. हे ते दर वर्षी एकदा करायचे, परवानगी न विचारता. सिस्टर म्हणाली, "बाबा, आज कशाला?" ते म्हणाले, "सैल आहे म्हणून."

काय झालं

रक्षेचा प्रश्न सुटला, पण आम्ही सोडवला नाही. त्या शेवटच्या सामन्याच्या काही दिवस आधी क्लबनं जाहीर केलं की गुडिसन पाडायचं नाही, महिला संघ तिथे खेळेल. वडील जिथे होते तिथेच राहिले. काका आता महिलांच्या सामन्यांना जातात. जुनी खुर्ची मिळते असं नाही, पण जिथे बसतील तिथून तो कोपरा शोधतात. यात आमचा शहाणपणा शून्य. थांबणं हा निर्णय नव्हता, तो नशिबानं निर्णयासारखा दिसला.

नव्या स्टेडियमवर लीगचा पहिला सामना २४ ऑगस्ट २०२५ ला ब्रायटनविरुद्ध झाला. गुडिसनचं उद्घाटन २४ ऑगस्ट १८९२ ला झालं होतं, हे मास्तरांनी फोन करून सांगितलं. एव्हर्टन २-० नं जिंकलं, पहिला गोल पुन्हा एन्जायचाच. आवाज भीती वाटावी इतका होता. ड्रायव्हरनं वेस्ट हॅमचं नाव काढणं बंद केलं.

दोन तुकड्यांचं मात्र बरं झालं नाही. पहिल्या काही सामन्यांत मध्यंतराला भेटायचं ठरवलं, पण बावन्न हजारांच्या गर्दीत पंधरा मिनिटांत ते जमत नाही. धाकटा दक्षिणेत खुश आहे, आणि त्याचं आजोबांशी सामन्याबद्दल बोलणं आता सामना संपल्यावर होतं. पूर्वी सामना चालू असताना व्हायचं. सिस्टर म्हणते, तो मोठा होतोय, कधीतरी सुटणारच होता. असेल. पण एका ओळीत असता तर दोन-तीन वर्षं उशिरा सुटला असता.

मास्तर आले नाहीत. पण हंगामाच्या तिकिटांचे पैसे वाचवून दर सामन्याला आमच्या आधी एव्हर्टन वेवर येतात, दगडापाशी उभे राहतात, आम्ही आत गेलो की बसनं घरी जाऊन रेडिओ लावतात. याला बहिष्कार म्हणायचं की हजेरी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पबमधल्या त्या रात्री लॅपटॉप आधी उघडला, चकती नंतर आली. उलट करायला हवं होतं. दुसऱ्या रकान्यात "बाबांच्या शेजारी बसणं" लिहिलेलं असताना आम्ही गुडघ्यांचा हिशेब केला. धाकट्याला दोन हंगाम बाजूच्या स्टँडमध्ये बसवून मग दक्षिणेत सोडणं, हा चौथा पर्याय होता. तो कोणी उच्चारलाच नाही, कारण चौदा वर्षांच्या पोराला वाईट वाटेल ही भीती चटकन दिसत होती. आजोबांना वाईट वाटेल हे दिसत नव्हतं. ते तसं दाखवत नाहीत.

मास्तरांच्या नकाराला आम्ही रुसवा समजलो. कर्कबीच्या वेळचा राग, अशी समजूत करून घेतली. त्यांना नेमकं काय जड जातंय हे एकदाही सरळ विचारलं नाही. दगडासाठी पैसे देणारा माणूस जायला नाही म्हणतो, तेव्हा त्याला नकोसं झालंय ते स्टेडियम नसावं. माझा अंदाज असा की गुडिसन सोडणाऱ्यांच्या यादीत त्यांना आपलं नाव नको होतं, बाकी काही नाही. तसं असेल तर एकेका सामन्याचं तिकीट काढून पाहुणा म्हणून नेता आलं असतं. पुढच्या हंगामात विचारणार आहे.

काकांना फेब्रुवारीच्या चाचणी सामन्याला न्यायलाच हवं होतं, थंडी असो की नसो. नवं घर पहिल्यांदा पाहायचं आणि त्याच दिवशी त्याच्यावर प्रेम करायचं, हे दोन्ही ऑगस्टच्या एका दुपारी मागणं जास्त झालं. ब्रायटनच्या सामन्याला पहिली वीस मिनिटं ते खुर्ची चाचपत होते, तिला कुठेही स्क्रू लागत नव्हता.

मग उजवीकडून कॉर्नर मिळाला. समोर खांब नाही, अख्खं हिरवं मैदान उघडं, आणि काका डावीकडे कलले. सिस्टरही कलली. माझ्याही लक्षात आलं तेव्हा मी आधीच कललो होतो, आणि मागच्या रांगेतला माणूस आम्हाला काय झालं म्हणून विचारत होता.